वरून चौथी पायरी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. टाइप करणाऱ्या वकीलबाई मध्येमध्ये म्हणतात, "काका, हे कोर्टात लागत नाही." लागत नसले तरी राहू द्या, असे त्यांना सांगितले आहे.

१. राहते घर मुलीला. तिने माझे म्हातारपण सांभाळले आणि माझी कटकटही. छताची गळती जावयाने काढावी. तीन वर्षे नुसता "बघतो" म्हणतो आहे.

२. बँकेतील ठेव निम्मी मुलीला, निम्मी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या चर्चच्या इमारत दुरुस्तीसाठी. माझ्या नावाची पाटी मात्र कुठेही लावू नये.

३. शेजारच्या बुकबाइंडरने माझी मोठी पटाशी नेली, त्याला अकरा वर्षे झाली. ती आता त्याचीच. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, म्हणून त्याला साक्षीदार करता आले नाही, याचा त्याने राग मानू नये.

४. दुकान, सर्व हत्यारे आणि लाकडाचा साठा धाकट्या भावाला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

एकतीस वर्षांपूर्वी तो रंगारी होता. त्याची शिडी मी करून दिली. वरून चौथ्या पायरीच्या लाकडात गाठ होती. दुसरा तुकडा कापायचा कंटाळा केला, सरस आणि भुसा भरला, वरून पॉलिश मारले. आठवड्याभरात पायरी मोडली आणि त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला. लोक म्हणाले, प्यायला असणार. सहा आठवडे त्याने थेंबाला हात लावला नव्हता, हे मला पक्के ठाऊक होते. तरी मी मान डोलावली आणि मोडकी पायरी जाळून टाकली. त्याचे ठरलेले लग्न वधूच्या वडिलांनी मोडले. मग तो खरोखरच पुन्हा पिऊ लागला.

मी गुडघे टेकून देवाजवळ सगळे कबूल केले, पोटभर रडलो आणि मन हलके झाले. देवाने क्षमा केली, आता भावाला सांगून घरात वाद कशाला, असा सोयीचा हिशेब मी मांडला. कृपेचा अर्थ मी एवढाच घेतला. दरवर्षी मंडळीपुढे साक्ष दिली की माझ्यासारख्या पाप्याला प्रभूने उचलले. कोणते पाप, हे कोणी विचारले नाही. उलट धाकट्यालाच शेजारी बसवून मी पापाबद्दल ऐकवत असे. तो म्हणायचा, "दादा, तू चांगला आहेस, तुला नाही कळायचं." मी गप्प ऐकून घेत असे. त्याची आज फार लाज वाटते.

५. हे सगळे माझ्यामागे वाचले जायचे होते. पण मेल्यावर सांगणे म्हणजे पुन्हा त्याला टाळणेच. म्हणून काल त्याला बोलावून कलम चार वाचून दाखवले. त्याने कुबडी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "तिच्या वडिलांना मी हात जोडून सांगत होतो, प्यायलो नव्हतो म्हणून. तू तिथंच उभा होतास."

"हो."

"आणि आता दुकान देऊन मोकळा होतोस?"

"माफ कर मला," मी म्हणालो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"देवानं केलंय ना? मग माझ्यावाचून काय अडलंय तुझं?" असे म्हणून तो कुबडी घेऊन निघून गेला.

६. तरीही कलम चार कायम. त्याने मला माफ करावे, अशी त्यात अट नाही. दुकानात बसून जन्मभर मला शिव्या दिल्या तरी दुकान त्याचेच.

७. येत्या रविवारी साक्षीच्या वेळी मी मंडळीपुढे उभा राहून कलम चार स्वतः वाचणार आहे. तो येईल की नाही, ठाऊक नाही. वाचण्याआधीच मला काही झाले, तर पाळकसाहेबांनी माझ्या अंत्यविधीत माझ्याविषयी एकही चांगला शब्द न बोलता एवढेच सांगावे: त्या दिवशी याचा भाऊ प्यायलेला नव्हता.

लिहून ठेवणार: सुतार (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली:
१. मंडळीचे पाळक (सही)
२. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: पाच मार्च, गुरुवार