हाताने औषध ढवळणारा माणूस

सर, परवा नंदनवन वस्तीतल्या एका सभागृहात मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले होते. मंचावर एक तरुण मुलगी शेतीच्या औषधांबद्दल बोलत होती. आता स्लाइडचे डबे नाहीत, बल्ब उडायची भीती नाही, सगळं संगणकातून थेट पडद्यावर येतं. तिच्या एकेका चित्रावर दहा-दहा ओळी होत्या आणि त्या ती आमच्याकडे पाठ करून वाचून दाखवत होती. मला एकही ओळ लागेना. तुमच्या हाताखाली अशी स्लाइड पहिल्याच दिवशी रद्द झाली असती. नवीन स्लाइड झाली की तुम्ही आपल्या चौथी शिकलेल्या शिपायाला खोलीच्या पार टोकाला बसवायचे आणि म्हणायचे, "वाच गा." तो अडखळला की स्लाइड बाद. "आपण साहेबायसाठी नाई बनवून राहिलो," एवढंच म्हणायचे. त्या मुलीनं मग एक फोटो दाखवला, उघड्या हातांनी फवारणी करणारा शेतकरी, आणि म्हणाली, "असं अजिबात करायचं नाही." मी उठून बाहेर आले. लोकांना वाटलं असेल, म्हातारीला गरमी सहन होत नाही. तीस वर्षं वर्तमानपत्रात काढल्यामुळे सांगितलेला मजकूर सांगितलेल्या वेळी द्यायची सवय आहे मला. हा मजकूर मात्र चाळीसहून जास्त वर्षं अडून राहिला.

तुमच्या मरणाचा दोष मी कधी स्वतःवर घेतला नाही. हृदय कोणाचंही थांबतं. पण काटोलकडच्या त्या माणसाच्या मरणाचा दोष तुम्ही स्वतःवर घेतला, आणि तो तुमचा नव्हता.

मी शेतकी खात्याच्या त्या माहिती विभागात आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. तुम्ही आधी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे तुम्हाला सरच म्हणायचे. त्या खुर्चीपर्यंत पोचलेले आपल्या समाजातले तुम्ही पहिलेच, त्यामुळे तुमची एकही चूक तिथं लहान धरली जात नसे. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. फक्त प्रत्येक स्लाइड तीनदा तपासायचे. एका चित्रात एकच गोष्ट. अक्षरं चारच शब्दांची, तीही लागलीच तर. चित्र पडद्यावर आलं की लगेच तोंड उघडायचं नाही. "त्यायच्या डोळ्यायले आधी जेवू दे, मंग तू बोल." आणि सगळ्यात कडक नियम होता तो चुकीचं काम कधीच न दाखवण्याचा. मी विचारलं होतं, का? चूक दाखवल्याशिवाय ती टाळणार कशी? तुम्ही म्हणालात, "मानूस घरी जाताना चित्र घेऊन जाते पोरी. तुझं बोलणं तिथंच सतरंजीवर पडून राहते."

तुमच्या स्वयंपाकघराची उत्तरेकडची खिडकी मला अजून दिसते. रविवारी तुम्ही तिथं पाटावर बसून एकेक स्लाइड उजेडाला धरून निवडताय, मी दाराशी जय भीम म्हणून आत येते, आणि काकू पोळ्या लाटता लाटता बडबडताहेत, "याहीनं ते किडे माह्या खिडकीत आनून लावले की माही भूकच मरते वं. सुटीच्या दिवशी तरी बिनकिड्याचं जेवू द्या." तुम्ही हसत नाही, पण किडीची स्लाइड मुकाट्यानं खाली ठेवता. अशाच एका रविवारी मी माझा फोटो स्लाइड करून आणला होता. सरकारी बागेत सकाळी काढलेला. संत्र्याच्या झाडांमधून तिरपं ऊन येतंय, खाकी शर्टातला मजूर ड्रमवर वाकलाय, कोपरापर्यंत हात आत आहे, आणि औषध पडल्यावर पाणी दुधासारखं पांढरं होऊन त्याच्या हाताभोवती फिरतंय. तुम्ही तो बराच वेळ धरून ठेवला.

"लय चांगला आहे," तुम्ही म्हणालात.

"मग लावू ना, सर?"

"चांगला आहे म्हनूनच नको."

मी वाद घातला. गावोगावी पुरुष माझ्याकडे बघून म्हणायचे, "बाईले काय समजते बागेतलं?" हा फोटो मी स्वतः, बागेत उभी राहून काढला होता. मी कागदावर वाक्य लिहून आणलं होतं: हे विष आहे, हातानं ढवळू नका, लांब काठी वापरा. प्रत्येक वेळी म्हणेन, सर. तुम्ही काकूंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "लावू द्या न तिले. पोरीचा पयला फोटो होये." तुम्ही स्लाइड माझ्या हातावर ठेवली आणि रागावूनच म्हणालात, "लाव. पन वाक्य सोडायचं नाई. एकही डाव नाई." तुमचा नियम तुम्ही एकदाच मोडला, आणि तो माझ्यासाठी.

पारशिवनीकडे तीन गावं झाली, मग काटोलकडे गेलो. दुपारी शाळेची एक खोली घ्यायची, खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, जनरेटर बाहेर लांब ठेवायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. त्यानंतर महिन्याभरानं एक बाई आपल्या ऑफिसात आली. काटोलच्या बसनं आली होती, सोबत दीर. दारातूनच तिनं विचारलं, "ते फोटो दाखोनारी बाई कोनती होये?"

मी उभी राहिले.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आमच्या घरी औषध घोटाची काडी होती वं. कडुनिंबाची. माह्या नवऱ्यानं फेकून देल्ली. म्हने, सरकारचा मानूस हातानं घोटते, मंग आपनच काडी घेऊन अडानी काहून राहाचं? आठ दिवस घोटलं त्यानं हातानं. हाताले चिरा होत्या. शेवटच्या दिवशी तोंडाले फेस आला. दवाखान्यात नेता नेता गेला."

त्यांची जुनी पद्धत बरोबर होती, सर. ती आम्ही जाऊन मोडली. खाकी शर्ट, सरकारी बाग, इतका नीट काढलेला फोटो. हे नवीन शास्त्र असणार असं त्याला वाटलं, आणि तसं वाटण्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

तुम्ही आतून आलात. सगळं ऐकलं होतं तुम्ही. म्हणालात, "माय, ते चित्र म्या निवडलं होतं. हिले काही नका म्हनू."

तिनं तुमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "मंग तुमाले तं समजाले पाहिजे होतं," ती म्हणाली, आणि दिराला घेऊन निघून गेली. कोणी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. मीही नाही.

चौकशीला दोन साहेब बसले. ज्यांना निमित्त हवं होतं त्यांना ते मिळालं होतं. मला एकच प्रश्न विचारला: तोंडी सूचना दिली होती का? मी म्हटलं, हो, प्रत्येक ठिकाणी. तसं लिहून दिलं, खाली सही केली. तुम्हाला विचारलं, चूक दाखवायची नाही हा तुमचाच नियम ना? तुम्ही म्हणालात, माझाच, आणि मीच मोडला. दोषाच्या कागदावर माझं नाव तुम्ही येऊ दिलं नाही. तुमची बढती गेली. स्लाइडचं काम गेलं. तुम्हाला भांडारात बसवलं, जिथं मोडके प्रोजेक्टर आणि रिकामे खोके ठेवत. मला वर्षभरात वर्तमानपत्रात नोकरी लागली आणि मी निघून आले.

त्यानंतर मी तुमच्याकडे एकदाच आले. काकूंनी चहा टाकला. खिडकीत आता मेथी निवडायला ठेवली होती. तुम्ही विचारलंत, "त्या गावात तू वाक्य म्हटलं होतं न?"

"हो, सर."

"मंग माह्या मनाले काही नाई. आपण सांगाचं ते सांगतलं." आणि तुम्ही कप उचललात. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. काकू मला म्हणाल्या, "शेवटपर्यंत म्हनत होते, पोरीनं वाक्य सोडलं नाई." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

सर, बाकी सगळ्या गावांत मी ते म्हटलं होतं. पारशिवनीकडे एकेका ठिकाणी दोनदा म्हटलं. काटोलकडच्या त्या एका शाळेत चित्र पडद्यावर आलं आणि खोलीतून एकदम "वाऽऽ" असा आवाज निघाला. मागून कोणी तरी म्हणालं, "फोटो तं लय झक्कास काढला गा. कोनं काढला?" मी म्हटलं, "मीच काढला." लोक हसले, एकानं टाळी वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांनी भरलेली खोली माझं काम बघत होती. मला ते चित्र थोडा वेळ तसंच राहू द्यायचं होतं. तुम्हीच शिकवलं होतं, डोळ्यांना आधी जेवू द्यायचं. ते जेवले, मी बटण दाबलं, पुढची स्लाइड आली. वाक्याचा कागद माझ्या हातात होता. पुढे मेला तो हाच टाळी वाजवणारा होता का, हे मला माहीत नाही. अंधारात चेहरे दिसत नव्हते, आणि नंतर मी त्याचा फोटो कधी मागितला नाही.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तुमच्या नजरेतून उतरायची भीती होती, बस्स. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणूनच मला लिहिता आलं. तुम्ही असता, तर मी आजही "हो, सर" असंच म्हटलं असतं.