प्रोफाइल सध्या वापरात आहे

२१ एप्रिल, सोमवार

पोचले एकदाची! रोहण्याहून पुलगाव, वर्धा, हिंगणघाट अशा गाड्या बदलत समुद्रपूरला उतरले तेव्हा ओढणी घामानं पाठीला चिकटली होती. पण मन इतकं हलकं होतं की बॅगेचं ओझं जाणवलंच नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि आता पहिली नोकरीही माझीच. निघताना बाबांनी भिंतीवरच्या प्रमाणपत्राची काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि म्हणाले, नाव केवढं मोठं छापलं आहे पाह्य, काम बी तसंच करजो.

काम कापूस उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या कचेरीत आहे. वर्ध्याला नालवाडीत आमची छोटीशी कंपनी आहे, तिच्यातर्फे मला इथले सगळे संगणक नव्या डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांची खाती सांभाळणाऱ्या नव्या जाळ्यात, न्यायचे आहेत. प्रफुलदादा, म्हणजे माझे वरिष्ठ, फोनवर आहेतच. जुनं डोमेन नऊ मेच्या शुक्रवारी कायमचं बंद होणार. तोवर सगळं व्हायला हवं.

कचेरीतले बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, पुंडलिकराव फार अगत्याचे. माझ्या राहण्याची सोयही त्यांनीच करून ठेवली होती. देवकाबाई नावाच्या एकट्या बाईंकडे स्वच्छ खोली मिळाली आहे आणि दारात कडुनिंबाची सावली आहे. मी त्यांना मावशी म्हणायचं ठरवलं. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, बरी आली माय तू.

२३ एप्रिल, बुधवार

आज समोरच्या खोलीतले संगणक झाले. चहा आणणारे कवडूभाऊ मोठे टवाळ. सगळ्यांदेखत म्हणाले, पोरगी कवाची हे जोडून राह्यली, ते जोडून राह्यली, कॉम्प्युटर सुधरवून राह्यली का त्याइचं लगन लावून राह्यली? सगळी कचेरी हसली. मीही हसले.

मग त्यांना नीट समजावलं. धरणात गाव जाणार असलं की लोकांना नवी जागा मिळते, तसं हे. जुनं डोमेन म्हणजे बुडणारं गाव. नुसतं यंत्र नव्या डोमेनमध्ये नेलं, तर माणूस लॉगिन करतो आणि समोर कोरा पडदा दिसतो. त्याच्या फायली नाहीत, लावलेलं चित्र नाही, हाताला पडलेली एकही सवय नाही. या सगळ्याला मिळून त्याचं प्रोफाइल म्हणतात. ते जसंच्या तसं उचलून त्याच्या नव्या खात्याला जोडायचं. घर बदललंय हे त्याला कळूसुद्धा नये, इतकं अलगद.

कवडूभाऊंनी जरा विचार केला आणि विचारलं, जिवंत मान्सं गेली नव्या गावाले, पन जे जुन्या गावात गाडले गेलते त्याइचं काय? मी हसले. या वेळी ते हसले नाहीत.

माझं स्वतःचं खातंही आज तयार केलं. पडद्याच्या कोपऱ्यात ‘आचल’ असं नाव उमटलं. प्रमाणपत्राचा फोटो डेस्कटॉपवर लावला. पोरकटपणा आहे, पण लावला.

२५ एप्रिल, शुक्रवार

मागच्या खोलीत एकच टेबल आहे. तिथं कुणी बसत नाही, पण कचेरीतला एकुलता कूलर त्या टेबलाकडे तोंड करून ठेवलेला. बाहेर सगळे पुठ्ठ्यानं वारा घेतात.

त्या यंत्रावर एकच प्रोफाइल आहे, कोकिळा नावाचं. पडद्यावर फुललेल्या पळसाचं चित्र आहे, आणि फायलींची चिन्हं काठाकाठानं कमानीसारखी मांडलेली. रांगोळी घालणाऱ्या हाताचं काम. माऊसची बटणं उलटी. ही बाई डावखुरी असणार. नव्या डोमेनमध्ये मात्र तिच्या नावाचं खातंच नाही.

बडे बाबूंना विचारलं. ते कागदातून मान वर न करता म्हणाले की, रोज आलेल्या कापसाची नोंद, म्हणजे आवक, कोकिळा करते. मी विचारलं, मग त्या आहेत कुठं? ते म्हणाले, असते ना, इथंच असते.

जेवणाच्या सुट्टीत सगळे समोरच्या खोलीत डबे उघडून बसलो होतो. परत जाऊन पाहिलं, तर आजच्या आवकेचा तक्ता भरून तयार होता.

२८ एप्रिल, सोमवार

मला वाटत होतं की हा घोटाळा आहे. काम सोडून गेलेल्या बाईचं खातं चालू ठेवून कुणीतरी त्याआडून काहीतरी करतं. पहिल्याच नोकरीत डोळे झाकून बसायचं नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून आज डबा घेऊन त्याच खोलीच्या दारात बसले. नेटची वायरही काढून ठेवली, म्हणजे बाहेरूनही कुणी आत येऊ शकणार नाही.

कुणी आलं नाही. तक्ता मात्र भरला.

प्रफुलदादांना फोन केला. ते म्हणाले की, जुना एखादा प्रोग्रॅम आपोआप चालत असेल, फार डोकं लावू नकोस. ज्याचं नवं खातं नाही ते प्रोफाइल पुसून टाक. मी तसं बडे बाबूंना सांगितलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मी कुणाला घराबाहेर काढा म्हटलं की काय, असं मला वाटलं. कवडूभाऊ चहा न देताच परत गेले.

संध्याकाळी मावशींच्या देवाच्या खोलीत पहिल्यांदाच गेले, काडेपेटी हवी होती म्हणून. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. माझ्याएवढी मुलगी, डाव्या हातात पेन. मावशी मागून म्हणाल्या, कोकिळा. माही पोरगी. दोन उन्हाळ्यांआधी भर दुपारी त्याच टेबलावर तिनं डोकं टेकवलं आणि ते पुन्हा उचललं नाही.

हे मला इतके दिवस कुणीच कसं सांगितलं नाही? आणि बडे बाबूंना माझ्यासाठी खोली सापडली ती नेमकी याच घरात?

३० एप्रिल, बुधवार, अखाजी

आज अक्षय्य तृतीया, मावशींनी मला जेवायला बसवलं. रस, वडे, कढी, कुरडया, शेवया. मातीचा घडा भरून पुजलेला. बडे बाबू आणि कवडूभाऊही आले होते. ते जेवले नाहीत, भिंतीला टेकून नुसते पाहत राहिले.

पाटावर बसल्यावर लक्षात आलं. आमच्या रोहण्यातही हे करतात. लग्नाआधी गेलेल्या मुलीच्या नावानं अखाजीला एक कुमारिका जेवू घालतात. वाढणारी त्या मुलीच्या नावानं हाक मारते आणि जेवणारीनं ओ द्यायची असते. तेवढ्या जेवणापुरती ती म्हणजे ती मुलगी. माझ्या आत्याच्या नावानं शेजारची पोर दर वर्षी आमच्याकडे बसायची, आणि जेवण झालं की आजी तिला तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारून उठवायची. मगच हात धुवायला पाणी द्यायची.

मावशींनी पाण्याचा पेला माझ्या डाव्या हाताला ठेवला आणि हाक मारली, कोकिळा. एका आईचं मन राहतं तर माझं काय जातं? मी ओ दिली.

जेवण झाल्यावर त्या रडल्या. माझे हात धरून म्हणाल्या, पोरीचं तेवढं पुसू नको वं. ते गाव बुडालं तर मंग ते जाईन कुठी?

आत्ता हे लिहिताना आठवलं. मला नाव घेऊन उठवलं नाही. मी आपली आपणच उठले.

२ मे, शुक्रवार

कालच्या सुट्टीत पुष्कळ विचार केला. मेलेल्या माणसाच्या नावानं नवं खातं काढता येत नाही, तो नियम बरोबरच आहे. पण पुसायला हातही होईना. एखाद्या मुलीनं मन लावून मांडलेलं सगळं, एका बटणासरशी?

प्रफुलदादांची एक शिकवण आहे. जोखमीचं काम आधी स्वतःच्या खात्यावर करून बघायचं, दुसऱ्याच्या नाही. म्हणून माझ्या खात्यातल्या सगळ्याची प्रत एका पेनड्राइव्हवर घेतली आणि कोकिळाचं प्रोफाइल माझ्या खात्याला जोडलं. तात्पुरतंच. जिल्ह्याच्या कचेरीकडून रीतसर परवानगी आणेन आणि पुढच्या शुक्रवारच्या आत काढून घेईन. जुनं डोमेन एकदा बंद झालं की मग काढता येणार नाही.

काम स्वच्छ झालं. पळस उमटला, चिन्हांची कमान तशीच, आणि कोपऱ्यात नाव मात्र ‘आचल’. बडे बाबूंनी पाहिलं आणि हात जोडले. मला नाही, पडद्याला.

दुपारी यंत्राला कुलूप लावून पाणी प्यायला गेले, परत आले, पासवर्ड टाकला, उघडलं. नंतर लक्षात आलं की मी टाकलेला पासवर्ड माझा नव्हता.

तो मला माहीतच नाही. आता आठवून बघते तर आठवतही नाही.

५ मे, सोमवार

माऊस डाव्या हातानं चालवते आहे. बटणं उलटी आहेत म्हणून, असं स्वतःला सांगितलं. पण घरी आल्यावर वेणीही डाव्या हातानं घातली गेली.

कूलर मागच्या खोलीतच आहे आणि आता तिथं मी बसते. कधीपासून बसते? बस म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.

आज आवक मी केली. आकडे कुणी दिले नाहीत. बडे बाबू सगळ्यांना म्हणत होते, चला, जागा भरली एकदाची. मला पाहून त्यांनी कागदांत मान घातली. कवडूभाऊ चहा ठेवताना माझ्याकडे बघत नाहीत. डाव्या बाजूला ठेवतात.

यांनी हे ठरवलं होतं. खोली, जेवण, सगळं. मला बोलावलं तेही —

नाही. ते जोडायला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी केलं.

६ मे, मंगळवार

आईचा फोन आला. मी बोलायला लागले. तिनं मधेच विचारलं, कोन बोलून राह्यलं? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, आचलले फोन द्या बाई, पोरगी फोन काऊन उचलत नाई?

मी नाव सांगायला तोंड उघडलं आणि —

आलं. पण उशिरा आलं. तोवर तिनं ठेवला होता.

७ मे, बुधवार

प्रोफाइल काढायचं. आजच. परवा शुक्रवार.

आधी माझी प्रत उघडली, पेनड्राइव्हवरची. आत पळस. प्रमाणपत्राचा फोटो आहे, काच आहे, बाबांचं बोट आहे काचेत. नावाच्या जागी कागद कोरा.

पुसायचं बटण दाबलं. उत्तर आलं: हे प्रोफाइल सध्या वापरात आहे.

लॉगआउट केलं. दुसऱ्या खात्यानं आत गेले. वापरात आहे. यंत्र बंद केलं, वायर काढली, पुन्हा लावलं. वापरात आहे. त्यावर कुणी बसलेलंच नाही, मग वापरतंय कोण —

प्रफुलदादा म्हणाले की, ज्याचं प्रोफाइल आहे तो माणूस बाहेर पडल्याशिवाय पुसता येत नाही. मग त्यांनी विचारलं, आपण कोण? आचल आहे का तिथं?

८ मे, गुरुवार

हे डाव्या हातानं लिहिते आहे. उजव्यात पेन ठरत नाही.

एक उपाय आहे. पाटावरून नाव घेऊन उठवायचं राहिलं आहे. मावशींनी तेवढी एक हाक मारली की झालं. सकाळी पाया पडले, म्हटलं, एकदा माझं नाव घ्या. त्या गोड हसल्या. घेतलं. पण ते नाही. दुसरं. माझं दुसरं आहे.

कवडूभाऊंना म्हटलं, तुम्ही तरी घ्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, पोरी, आठवत नाई वं. कोनालेच आठवत नाई.

मागच्या पानांवर ते असणार, पण माझ्या डोळ्यांना तिथं कोरंच दिसतं. मग मीच लिहून ठेवते. शुक्रवार संपायच्या आत कुणी वाचलं तर मोठ्यानं वाचा, म्हणजे मी उठेन —

माझं गाव रोहणा. तालुका आर्वी. वडील गोपाल. घरातली पहिली पदवीधर. माझं नाव

माझं नाव

पळस छान फुलला होता त्या वर्षी. फोटो मीच काढला

नाही. नाही. आ

देवकाबाई स्वयंपाकघरातून हाक मारताहेत. ताट वाढलंय म्हणे. जायचं नाही. ओ द्यायची नाही. तोंड दाबून धरलंय, उजव्या हातानं, हा माझा आहे अजून, हा

आई पुन्हा हाक मारते आहे. थांब ना, आले, एवढी ओळ