भागी आपणहून गेली नव्हती

प्रिय आत्याबाई,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलतेच आहे. पण एक गोष्ट बोलताना मनातसुद्धा जीभ अडखळते. म्हणून लिहायला बसले. काल मी येरमाळ्याला जाऊन आले. देवीला नाही, भागीला शोधायला.

होय, तुमच्याच भागीला. ती आपणहून कुठं गेली नव्हती. मी तिला सोडून आले होते.

तिचं दुखणं पहिल्यांदा तुमच्याच नजरेला पडलं होतं ना? कानाच्या कडेला राखेसारखी पांढरी खपली. "हिच्या कानाला काय झालंय बघ गं, रेखा," म्हणालात. मी लांबूनच बघितलं. गावभर हिंडणारी मांजर, आपल्या दारात दुधापुरती यायची. तिचं काय बघायचं? पंधरा दिवसांत खपल्या कपाळावर आल्या, मानेचे केस गेले, डोळे बारीक झाले. खाजवून खाजवून ती रक्त काढायची. आणि तुम्ही तिला मांडीवर घेऊन करंजीचं तेल चोळत बसायचात! किती वेळा म्हटलं, हात लावू नका. तुमचं एकच, "मुकं जनावर हाय. म्या न्हाय लावायचं तर कुणी?"

मग तुमच्या हातावर पुरळ उठलं, माझ्या उठलं, आणि आपल्या तीन वर्षांच्या परीच्या पोटावरही. अंगणवाडीत बायांना स्वच्छतेचं मीच सांगायचं, आणि बाया माझ्याच मनगटाकडं बघायला लागल्या. मी घाबरले होते, आत्याबाई. एवढं तरी खरं माना.

माझा भाऊ येडेश्वरीच्या दर्शनाला न्यायला जीप घेऊन आला, त्या दिवशी तुम्ही शेजारी शेवया करायला गेला होतात. मी भागीला दूध दाखवून जवळ बोलावलं आणि पोत्यात घातलं. ती ओरडलीसुद्धा नाही. घरचाच हात वाटला असेल तिला! येरमाळ्यात रस्त्याकडेच्या हॉटेलांमागं पोतं मोकळं केलं आणि रिकामं पोतं परत जीपमध्ये टाकलं. "इथं उष्टं मिळंल, जगंल," असं भावाला म्हणाले. मग देवळात रांगेत उभी राहिले. काय मागितलं, ते आता आठवत नाही.

घरी आले तर तुम्ही दारात वाटी ठेवून हाका मारत होतात. "रेखा, भागी दिसली का गं?"

"नाही, आत्याबाई. गेली असेल कुठंतरी."

दुसऱ्या दिवशी ते पोतं धुऊन कुंपणावर वाळत घातलेलं दिसलं. मी विचारलं, "हे कशाला धुतलं?"

"केस लागले व्हते त्येला." एवढंच बोललात आणि परीचे केस विंचरायला बसलात.

तुम्हाला कळलं होतं का? मग रोज संध्याकाळी मलाच का विचारत होतात? यांना नाही, शेजारी नाही, फक्त मला. आठ महिने! एकदा जरी "खोटं बोलतीस" म्हणाला असतात, तर पायावर डोकं ठेवून सगळं सांगितलं असतं. का नाही म्हणालात? मी आपणहून सांगेन म्हणून वाट बघत होतात का? धाराशिवच्या दवाखान्यात सलाईन लावलेल्या हातानं माझं मनगट धरलंत आणि पुन्हा तेच, "दिसली का गं?" तेव्हासुद्धा मी म्हणाले, "नाही, आत्याबाई."

आता ती हाक मला ऐकू येते. भांडी घासताना, अंगणवाडीत खिचडी वाढताना. दिवेलागणीला दार उघडायला हात धजत नाही.

गेल्या आठवड्यात दारात एक बोका येऊन बसला. कानाला तशाच खपल्या! जुन्या चादरीत गुंडाळून, टोपलीत घालून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी खपली खरवडून काचेवर तपासली. "खरूज आहे," म्हणाल्या. "वजन बघून औषध देते. दोन आठवड्यांनी परत आणा. महिनाभरात केस यायला लागतील."

"आणि घरातल्या माणसांना झालं तर?"

"मांजर बरं झालं की माणसांची खाजही जाते. खरजेचे हे बारीक किडे माणसाच्या अंगावर टिकत नाहीत."

"नुसतं तेल लावलं तर?"

"त्यानं जात नाही. शिवाय मांजर ते चाटतं."

"आणि काहीच केलं नाही तर?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "खाणं सुटतं. मग मरतं."

महिनाभर, आत्याबाई! तुम्ही तेलावर विसंबलात आणि मी पोत्यावर. दोघींपैकी एकीनं तरी तिला तिथवर न्यायचं की हो!

काल हॉटेलवाल्या मावशींना विचारलं. "व्हती की," त्या म्हणाल्या. "डोळे पार मिटले व्हते खपल्यांनी. गिऱ्हाईक किळस करायचं, मंग आमी पाणी मारून हाकलायचो. बाईमाणसाचा आवाज आला की तेवढी जवळ यायची. एक दिवस मंग न्हाय दिसली." मी तिथंच बाकड्यावर बसले. पुढ्यात चहा कुणी आणून ठेवला, कळलं नाही.

बोका सध्या तुमच्या खोलीत आहे, गावातल्या बाकीच्या मांजरांपासून वेगळा. पुढच्या सोमवारी दुसरं औषध. मी जवळ गेले की अजून फिसकारतो. मला ते बरंच वाटतं.

परी सगळ्यांना सांगत असते, भागी आजीसोबत देवाघरी गेली. तिला हे शिकवलंही मीच! आज हे शेतातून आले की आधी त्यांना सांगणार आहे, मग परीला, तिला समजेल अशा शब्दांत. ती माझ्याकडं कशी बघेल, माहीत नाही. पण वचन देते, आत्याबाई, या घरात यापुढं कुणी मला काही विचारलं, तर पहिल्याच खेपेला खरं सांगेन.

तुमची,
रेखा