वस्तीचा नळ

अंधेरी,
२ मे १९७३

प्रिय एडवर्ड,

समोर आलास की तू मला हसवतोस आणि माझा राग तसाच राहून जातो, म्हणून लिहून पाठवते आहे. आपलं लग्न तोंडावर आलं, आईला श्वास घ्यायला फुरसत नाही, मार्कसदादा बँडवाल्याला बयाणा देऊन आला, आणि नवरी मात्र नवऱ्या मुलावर धुमसत बसली आहे. मुकाट्यानं शेवटपर्यंत वाच.

काल मालनला इस्पितळात नेलं. मालन म्हणजे नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या सोनूबाईची सून. दगडाच्या खाणीत साचलेलं पाणी आणायला उतरली, पाय घसरला आणि मनगट मोडलं. तिला घेऊन परत येताना तुमच्या कंपनीच्या गेटवरून आलो, तर आत लॉनवर नळी सोडलेली. पंपघराचा सुपरवायझर तू आहेस, मला माहीत नव्हतं म्हणू नकोस.

तो मंडपातला समारंभ आठवतो ना? महापालिकेनं पाइप घालायचे, कंपनीनं पंप आणि टाकी बसवायची आणि आम्ही गावठाणवाल्यांनी आमची विहीर द्यायची. बदल्यात गावठाणात नळ, वस्तीच्या तोंडाशी एक नळ आणि त्यातून उरेल ते पाणी कंपनीला. साहेबांनी भाषणात हेच सांगितलं. त्यांच्यामागे तू इतका ऐटीत उभा होतास की मला तिथेच आवडलास. पपांनी सही केली ती त्या भाषणावर विश्वास ठेवून. आता विहिरीवर स्लॅब आहे आणि भोवती तारेचं कुंपण. आम्हाला पाणी येतं, कंपनीला तर येतंच येतं. वस्तीचा नळ मात्र उद्घाटनाचे हारतुरे सुकेपर्यंत वाहिला आणि बंद पडला. तू म्हणतोस प्रेशर पुरत नाही. लॉनला बरं पुरतं. तुझे साहेब म्हणतात, वस्ती नकाशातच नाही, मग पाणी सोडायचं कुणाला? फोटो काढायच्या दिवशी कुणाला सोडलं होतं? महापालिकेत मी विचारायला गेले तर ते कंपनीकडे बोट दाखवतात आणि कंपनी त्यांच्याकडे. दोघांनी मिळून कामं करायची ती यासाठीच का, की जाब कुणालाच द्यावा लागू नये?

सोनूबाई जालन्याकडची. तिच्या गावात तिच्या माणसांना विहिरीवर चढू देत नसत, वरून कुणी ओतेल तेवढंच घ्यायचं. स्वतःच्या हातानं पोहरा सोडला तो पहिल्यांदा आमच्या विहिरीत, माझ्या आईच्या शेजारी उभं राहून. काल इस्पितळाच्या बाकावर बसून तिनं मला हे सांगितलं. रडली नाही, नुसतं सांगितलं. ती विहीर आम्ही तुमच्या हवाली केली आणि तुम्ही तिला पुन्हा ओंजळ धरायला लावलीत. मला त्याची लाज वाटते, एडवर्ड. तुला वाटत नाही, याचा संताप येतो.

आणि आज संध्याकाळी तुझा निरोप आला. उंबराच्या पाण्यासाठी साहेबांची खास परवानगी काढलीस म्हणे: नवरीकडची पाच माणसं आणि बँड, तेवढ्यापुरतं विहिरीच्या कुंपणाचं गेट उघडतील. मी खूश होईन असं तुला वाटलं. अरे, तू कुर्ल्याचा, तुमच्याकडेही हीच रीत. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळं गाव वाजतगाजत विहिरीवर जातं आणि नवरीच्या न्हाणाचं पाणी आणतं. त्याला पास कसला? म्हणून ऐक. आमचा बँड तुमच्या गेटवर येणार नाही. तो नाला ओलांडून वस्तीच्या नळावर जाईल, आणि आईच्या बरोबरीनं सोनूबाई चालेल. आई कबूल आहे, पपांनाही मी गप्प केलं आहे. पाणी सोडायची चावी तुझ्या हातात असते. उद्यापासून रोज त्या नळाला पाणी येऊ लागलं, तर त्याच पाण्यानं न्हाऊन मी चर्चच्या दारात उभी राहीन. नाही आलं, तर कळशी रिकामी परत येईल. आणि ते न्हाण झाल्याशिवाय नवरी घराबाहेर पडते का, हे तुझ्या आईला विचार.

अजून तरी तुझीच,
विनी