ऑपरेटरसाठी नऊ

सोमवार
हॉटेल झकास आहे. जेवण फुकट, खोलीला मोठी खिडकी, आणि काम म्हणजे डाव्या हातचा मळ: जुनं टेलिफोन एक्स्चेंज काढायचं आणि सगळ्या खोल्यांत इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचे. रिसेप्शनमागच्या खोलीत ऑपरेटरबाई बसतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही लगेच सुरू केलं. त्यांनी चहा पाजला, लग्न का नाही केलंस ते विचारलं आणि माझं उत्तर पटलं नाही, हेही सांगून टाकलं. पाहुणा नऊ फिरवतो, बोर्डावर त्याच्या खोलीचा दिवा लागतो, मावशी उचलतात. आता नऊ दाबलं की रेकॉर्ड केलेला आवाज उत्तर देणार. हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं.

मंगळवार
वरच्या मजल्यावर चादरी ठेवायची खोली आहे. तिथे आता फोनच नाही, तरी दुपारी बोर्डावर तिचा दिवा लागला. मावशी हेडफोन लावून बोलत बसल्या: गणितं झाली का, पाणी पी, खिडकीपाशी बस. मॅनेजरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मावशींची मुलगी शाळेतून आली की त्या खोलीत अभ्यास करायची. एकदा आग लागली. मावशी एकेका खोलीला फोन करून पाहुण्यांना बाहेर काढत राहिल्या. मुलीचा दिवा लागला होता, तो त्यांना उशिरा दिसला. तेव्हापासून रोज दुपारी हे असंच चालतं. तारांत ओल असेल, मी म्हटलं. पण जेवण काही गेलं नाही.

बुधवार
नवे फोन सुरू झाले. जुना बोर्ड भंगारवाल्यानं नेला. रेकॉर्डिंग अजून यायचंय, म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे नऊ नंबर माझ्या मोबाइलवर वळवला. दुपारी मावशी रिकाम्या टेबलासमोर बसून होत्या. माझा मोबाइल वाजला. बारीक आवाज: काका, आई कुठेय? जळका वास येतोय. कुणीतरी माझी फिरकी घेतंय असं वाटलं. ठेवून दिला.

गुरुवार
पुन्हा तीच. धूर झालाय म्हणाली, खोकत होती. धावत जाऊन मोबाइल मावशींच्या कानाला लावला. त्यांना काहीच ऐकू येईना. माझ्या कानाला लावला की ती. मावशी म्हणाल्या, "रोज मी तिला बोलण्यात गुंतवायचे रे बाळा. धुरापर्यंत पोचूच द्यायचे नाही." मी मुलीला सांगितलं की आई इथेच आहे.

"खोटं. आई असती तर तिनंच उचलला असता."

मला रडू आवरेना. भंगारवाल्याकडे पळालो. बोर्ड वितळवून झाला होता.

शुक्रवार
दार उघडत नाही म्हणते — कडी गरम आहे म्हणते — मावशींना सांगायला नको होतं. सांगितलं. त्या तडक वर गेल्या, चादरींच्या खोलीत शिरल्या, दार लावून घेतलं. हाका मारल्या. दाराला हात लावला तर पोळला. मॅनेजरनं दार फोडलं. आत घड्या घातलेल्या चादरी. सगळं थंडगार. मावशी नाहीत —

मोबाइल वाजतोय.

मावशीच. "सापडली रे. कुशीत आहे माझ्या. आता हा नंबर काढून टाक, बाळा. तिला पुन्हा या धुरात यायला नको."

मागे खोकला — काढला आणि दोघी तिथेच अडकल्या तर — नाही काढला तर उद्या दुपारी पुन्हा — लवकर म्हणतायत — आता मावशीही खोकतायत — काढतो, मावशी, काढ