खोपी हलली, नळ राहिला

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
डोंगरवाडी नळ योजना कक्ष, खारघर, नवी मुंबई.

अर्जदार : शिवराम बाळू हिलम, जात कातकरी, राहणार बोरीची वाडी, खारघर डोंगर.

विषय : बूच मारून बंद केलेल्या नळाला तोटी बसवून पाणी सोडणेबाबत.

संदर्भ : आपल्या कर्मचाऱ्यांचा तोंडी शेरा, "घर जागेवर नाही."

महोदय,

अर्जदारांस लिहिता येत नाही. त्यांच्या सांगण्यावरून त्यांची सून वैशाली हा अर्ज लिहीत आहे. ती दहावी नापास आहे, तरी चूकभूल पदरात घ्यावी.

१. अर्जदार खाली खारघरातल्या एका सोसायटीत बागेला पाणी घालतात. दिवसभर पाइप त्यांच्याच हातात असतो. घरी मात्र जुन्या खदानीच्या खळग्यातले पाणी प्यावे लागते. एकदा त्यांनी बागेच्या नळावर कॅन भरला, तर कमिटीला ती चोरी वाटली. गवताला पाजलेले पाणी चोरी होत नाही.

२. मागच्या उन्हाळ्यात अर्जदारांची नात भाविका, वय तीन, जुलाब-उलट्यांनी वारली. दवाखान्यात पाणी उकळून पाजा असे सांगितले होते. रोज उकळत होतो. ज्या दिवशी सरपण मिळाले नाही, त्या दिवशी तसेच पाजले. सदर बालिका ही अर्ज लिहिणारीची मुलगी होय.

३. ज्या खोपीत मूल गेले ती मोडायची आणि दुसऱ्या जागी उभारायची, त्या जागेवर पुन्हा राहायचे नाही, अशी आमच्या वाडीची रीत आहे. त्याप्रमाणे अर्जदारांनी चार पावले वर नवी खोपी बांधली. दार जुनेच लावले, कारण दुसरे नाही. त्या दारावर आपल्या सर्वेक्षणाचा लाल क्रमांक होता, तोही दाराबरोबर वर गेला. क्रमांक दारावर आहे म्हणजे नळही दाराशीच येणार, असे अर्जदार धरून चालले.

४. नळ आला, तो जुन्या जागेवर. कर्मचारी म्हणाले, इथे जागा बरोबर आहे पण घर नाही, वर घर आहे पण जागा चूक आहे. सबब बूच मारून गेले. चार पावले पाइप वाढवून द्या म्हटले, तर नवीन सर्वेक्षण होईल तेव्हा बघू म्हणाले. तो नळ आजही मोकळ्या जमिनीत उभा आहे आणि शेजारचे लोक त्याला शेळी बांधतात. साहेब, माणूस मेला की आमचे घर हलते. हे योजनेत बसत नसेल, तर योजनेत माणूस मरू नये एवढी तरी सोय करावी.

५. वैशालीचे दिवस भरत आले आहेत. नवरा आकाश वीटभट्टीवर आहे. अंगात रक्त कमी, पायांवर सूज. नर्सताई म्हणतात, स्वच्छ पाणी भरपूर पी आणि ओझे उचलू नको. पाणी प्यायचे तर आधी खळग्यावरून हंडा उचलावा लागतो. दोन्हीपैकी एकच ऐकता येते.

६. सबब अर्जदारांनी परवा रीत मोडली. खोपी उतरवून पुन्हा जुन्या जागेवर, नळाला लागून उभी केली. वाडीतली जाणती माणसे त्यांच्याशी बोलेनाशी झाली आहेत. अर्ज लिहिणारी त्या जागेवर पाय ठेवायला तयार नव्हती. तेव्हा सासरे म्हणाले, "पोरी, ती आपलीच हाय. भिववाया नाय येनार. आली तं पानीच मागंल." असले अर्जात लिहीत नाहीत हे कळते. पण ते ऐकून ती आत गेली, म्हणून लिहिले.

आता घर जागेवर आहे. दार नळाकडे तोंड करून आहे आणि क्रमांक लांबूनही दिसतो. बाळ येण्याआधी तोटी बसवावी, ही हात जोडून विनंती. ते होणार नसेल तर तसे लेखी कळवावे, म्हणजे पुढची खोपी कुठे उभारायची ते ठरवता येईल.

आपला, पाण्याची वाट पाहणारा,
शिवराम बाळू हिलम
(डाव्या अंगठ्याचा ठसा)
दिनांक : १२ मार्च २०२५

सोबत :
१) दार, क्रमांक आणि नळ एकत्र दिसतील असा फोटो.
२) खळग्यातले पाणी, अंगणवाडीच्या बाटलीत. पाणी तपासून झाल्यावर बाटली परत मिळावी. ती भाविकाची आहे.