समुपदेशनात बोलण्याची मोकळीक न देण्याबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
संयुक्त मानसिक आरोग्य उपक्रम
(भागीदार : सामान्य रुग्णालय, सार्वजनिक ग्रंथालय व भाजी बाजार समिती)

विषय : बुधवारचे समुपदेशन ग्रंथालयाच्या वाचनकक्षातच, आणि न बोलता, चालू ठेवण्याबाबत.

संदर्भ : वाचनकक्षाच्या दारावर चिकटवलेली आपली सूचना, "लाभार्थींना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून" अशी सुरू होणारी.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून कळवितो की, मी भाजी बाजारात लिलाव पुकारतो. बावीस वर्षे ओरडणे हाच माझा व्यवसाय आहे. बाजारात मला भोंगा म्हणतात. घरीही तेच म्हणतात, पण जरा प्रेमाने. सदर भोंग्याला गेले दीड वर्ष कशातच गोडी वाटत नाही. "असं झालं तरी काय?" असे जो तो विचारतो. काहीही झालेले नाही. बायको चांगली आहे, मुलगी हुशार आहे, गुडघेसुद्धा धड आहेत. कारण सापडले असते तर अर्जासोबत जोडले असते.

२. आपल्या उपक्रमाबद्दल मला आदर आहे. रुग्णालयाकडे समुपदेशक ताई होत्या, पण खोली नव्हती. ग्रंथालयाकडे खोली होती, वाचक नव्हते. बाजार समितीकडे डोकी फिरलेली माणसे मुबलक होती, त्यांना सुट्टी नव्हती. तिघांनी करार केला, फोटो काढले आणि बुधवारी दुपारी आम्हाला ग्रंथालयात धाडायचे ठरवले. कराराच्या कलम सातनुसार प्रत्येक भागीदाराचे नियम अबाधित राहतात, आणि ग्रंथालयाचा नियम असा की वाचनकक्षात बोलायचे नाही. सही करणाऱ्या सहा साहेबांपैकी एकाच्याही हे ध्यानात आले नाही. पहिल्या बुधवारी मी तोंड उघडले मात्र, ग्रंथपालसाहेबांनी अशी नजर टाकली की बावीस वर्षांत प्रथमच माझा आवाज बसला. ताईंनी पुस्तक मागणीच्या चिठ्ठ्यांचे पॅड पुढे ओढले आणि लिहिले, "यावर लिहा." तेव्हापासून तसेच चालू आहे.

३. दुसऱ्या बुधवारी 'पुस्तकाचे नाव' या रकान्यात मी 'सकाळी उठावंसंच वाटत नाही' असे लिहिले. ताई तेवढ्यात पाणी प्यायला गेल्या होत्या. शिपाईकाका ती चिठ्ठी उचलून घेऊन गेले, तीन कपाटे धुंडाळून आले आणि मागे लिहून दिले, 'बाहेर गेले आहे. परत आल्यावर कळवू.' याबाबत माझी तक्रार नाही. दीड वर्षात माझे म्हणणे इतके मनावर घेणारे ते पहिलेच.

४. आता आपल्या मोकळेपणाविषयी. उपक्रमाआधी मी रुग्णालयात जाऊन आलो होतो. चौदा नंबरच्या, म्हणजे मनोविकाराच्या, खोलीबाहेर बाकावर बसलो तोच बाजारातला कांदेवाला समोर हजर. "काय रे भोंग्या, सटकली वाटतं तुझी!" आत डॉक्टरांनी विचारले, "बोला, काय होतंय?" आणि मी बोललो. माझे तोंड माझ्या ताब्यात नाही, महोदय. समोर माणूस दिसला की ते आपोआप सुरू होते आणि त्याला हसवल्याशिवाय थांबत नाही. डॉक्टर डोळे पुसेपर्यंत हसले. केसपेपरवर शेरा मिळाला : 'आनंदी स्वभाव. काळजीचे कारण नाही.' बायको म्हणाली, "बघा, मी म्हणत होते ना, उगाच मनाचे खेळ!" तिला तरी काय बोल लावणार? जेवताना मी तिलाही हसवतच होतो.

५. चौथ्या बुधवारी मी चिठ्ठीवर लिहिले, 'मला मरावंसं वाटतं.' हे वाक्य माझ्या तोंडून कधीच निघाले नसते, आणि निघाले असते तरी मी त्याला एखादी कोपरखळी जोडून दिली असती. चिठ्ठीत तेवढी जागा नव्हती. ताई हसल्या नाहीत. खाली लिहिले, "कधीपासून?" मग, "आज घरी कोण आहे?" मग, "त्यांना बोलावू का?" त्या दुपारी चौतीस चिठ्ठ्या झाल्या. पॅड संपले तेव्हा ग्रंथपालसाहेबांनी न सांगता दुसरे आणून ठेवले. बायको आली, तिने सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या आणि वाचनकक्षात मोठ्याने रडली. नियमभंग उघड होता. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. आता औषधे चालू आहेत. डॉक्टर तेच आहेत, पण हल्ली ते माझ्या विनोदांना हसत नाहीत, आणि त्यांचा मला फार आधार वाटतो.

६. येत्या एक तारखेपासून आपण आम्हाला चौदा नंबरला लागून असलेल्या आवाजबंद खोलीत हलवणार आहात. तिथे मऊ खुर्च्या आहेत, भिंतीवर 'मन मोकळे करा' असा फलक आहे, असे ऐकतो. ज्यांना बोलून बरे वाटते त्यांना ती खोली जरूर द्यावी. ग्रंथालयात शिरणाऱ्याला कांदेवाला फार तर शहाणा झालास का म्हणून चिडवतो. त्यावर माझ्यासारखा माणूस जगू शकतो. मला लाकडी बाक, बोथट पेन्सिल आणि तोंडावर बंदी, एवढेच असू द्यावे.

७. सूचना वाचून मी गेल्या गुरुवारी आपल्या कार्यालयात हीच विनंती करायला आलो होतो. आपणास आठवत असेल. आपण आणि आपले लिपिक पोट धरून हसलात, मला चहा पाजलात आणि निघताना म्हणालात, "तुम्हाला कशाला हो समुपदेशन? उलट तुम्हीच आम्हाला द्या!" त्यानंतर पाऊण तास मी आपल्या जिन्यात बसून होतो. उठायचे कशासाठी, ते आठवत नव्हते. शेवटी मुलीला फोन केला, ती येऊन घेऊन गेली.

तरी या अर्जाचे उत्तर लेखीच द्यावे. समक्ष बोलावू नये. बोलावल्यास मी आपल्याला पुन्हा हसवीन.

आपला नम्र, आणि निदान बुधवारी मुका,

(सही)
लिलाव पुकारणारा, शेड क्रमांक तीन
दिनांक : २४, सोमवार

सोबत :
१. 'आनंदी स्वभाव' या शेऱ्याचा केसपेपर, छायाप्रत.
२. करारातील कलम सात (आपल्याकडे असेलच, पण वाचलेले दिसत नाही).